लाल चिंधीचा पंप

"वाकून पाह्यलं का?"

त्यांचा नमस्कार असा होता. कुणी म्हणालं, यंदा भेंडी चांगली नाही, की हे लगेच विचारणार, "वाकून पाह्यलं का?" कुणी म्हणालं, अमक्याच्या मुलाचं वागणं बिघडलंय, तरी तेच. गंगेकाठी रामघाटाच्या आमच्या गल्लीत तुम्ही सकाळी दूध घ्यायला थांबला असतात, तर तुम्हीही त्यांना पाहिलं असतं. भाजीवालीच्या टोपलीसमोर कमरेत वाकलेले, खांद्यावर लाल गमछा, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि तर्जनीच्या पाठीने पालकाचं पान उलटवत असलेले. पान उलटवायचं ते बोटाच्या पाठीनेच. शेतात बोटांच्या पोटाला काय काय लागलेलं असतं, ते लागू नये म्हणून पडलेली ही सवय. पुढे ते ग्रंथालयात पुस्तकाची पानंसुद्धा तशीच उलटायला लागले. मी ग्रंथपाल. मला आधी ते विचित्र वाटलं, नंतर लोभस वाटलं, आणि आता कुणी वाचक बोट ओलं करून पान उलटतो तेव्हा त्यांची आठवण येऊन मला राग येतो.

राग हा शब्द मी मुद्दाम लवकर लिहिते आहे. त्यांच्याबद्दल लिहायचं तर तो टाळता येत नाही. टाळणारे पुष्कळ निघाले, म्हणून तर लिहायला बसले.

ते मूळचे नागपूरकडचे. नदीपलीकडच्या आमच्या शेती संस्थेत डॉक्टरेट घेऊन पिकांचे अधिकारी म्हणून आले आणि इथलेच झाले. बिऱ्हाड आमच्या समोरच्या घरात, वरच्या मजल्यावर. माझे वडील ब्रह्मा घाटावरच्या पाठशाळेत वेद शिकवायचे, आमच्या कित्येक पिढ्या इथेच गेल्या. त्यामुळे माझं मराठी ऐकून ते पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "ताई, तुमची मराठी म्हणजे हिंदीत भिजवून वाळत घातलेली दिसते."

मी म्हटलं, "आणि तुमची कुठे वाळत घातली आहे, भाऊ? ओलीच आहे अजून."

तेव्हापासून आमचं जमलं. स्कूटर गल्लीत येत नसे, ती चौकाजवळ लावलेली असायची. तिथपर्यंत चालत, मग त्यांच्या मागे बसून राजघाटाच्या पुलावरून संस्थेत, अशी आमची नोकरीची वर्षं गेली. वाटेत ते रस्त्याकडेच्या शेतांवर मोठ्याने टीका करत. हेल्मेटमुळे निम्मी मला ऐकू येत नसे. उरलेल्या निम्म्यातून मी बरंच शिकले.

एकदा त्यांनी मला ग्रंथालयात न सोडता सरळ मक्याच्या शेतात नेलं. उन्हाळ्याची सुरुवात होती. मका गुडघ्याएवढा, हिरवागार. मी म्हटलं, "किती छान दिसतोय."

"वाकून पाह्यलं का?"

साडीचा पदर खोचून मी वाकले. त्यांनी बोटाच्या पाठीने एका रोपाचा पोंगा, म्हणजे मधली कोवळ्या पानांची गुंडाळी, बाजूला केली. आत लाकडाच्या ओल्या भुशासारखं काहीतरी साचलं होतं. त्याखाली अळी. कपाळावर उलट्या इंग्रजी 'वाय'सारखी खूण, आणि चेहरा असा की आम्हीच तिच्या घरात न विचारता शिरलो.

"अरे देवा! मग आता औषध मारायचं ना?"

"काहून? एका झाडात सापडली म्हणून?" ते पुढच्या ओळीत गेले, वाकले, पाहिलं. मग तिरके चालत दुसरीकडे, पुन्हा वाकले. सगळं शेत असं नागमोडी फिरून आल्यावर म्हणाले, "थोडी आहेत. हातानं वेचून होतील. आज पंप नाही. दोन दिवसांनी पुन्हा पाहू. ताई, विष मारणं सोपं असते. वाकणं कठीण असते. म्हणून लोक विष मारतात."

हे वाक्य कुठे लिहून ठेवण्यासारखं आहे असं त्यांना वाटलं नाही. ते बोलून लगेच त्यांनी नाक शिंकरलं.

तणांशी त्यांचं वैर जुन्या शेजाऱ्यांच्या वैरासारखं होतं, म्हणजे जिव्हाळ्याचं. पेरणीनंतरचा पहिला महिना पिकाचा, त्यात तण डोकं वर काढता कामा नये, यावर ते अडून बसत. "पहिला महिना बाळाला सांभाळा. मग तेच सगळ्यांना पुरून उरते." पण निंदणी चालली की बायकांनी उपटलेल्या ढिगातून तांदुळजा आणि घोळ निवडून पिशवीत भरत आणि संध्याकाळी वहिनींपुढे ठेवत. वहिनी म्हणत, "शेत यांनी स्वच्छ करायचं आणि कचरा मी शिजवायचा." ते म्हणत, "शत्रू खाल्ला की पचतो." भाजीची एक वाटी आमच्याकडे ठरलेली असे.

चिडायचे मात्र खरे. चिडले की आधी चष्मा काढून गमछ्याने पुसत. चष्मा स्वच्छ झाला की बोलायला सुरुवात. बाजारात एका औषधाच्या दुकानात त्यांनी पाहिलं, दुकानदाराने एका शेतकऱ्याला तीन बाटल्या दिल्या आणि सांगितलं, तिन्ही एकत्र मारून टाक, झंझट नको. यांनी चष्मा पुसला. मी मनात म्हटलं, झालं आता.

"भैया, आपके घर में किसी को बुखार आए तो क्या करते हो? दुकान में जितनी शीशी हैं, सब पिला देते हो?"

दुकानदार म्हणाला, "बाबूजी, फसल है, आदमी थोड़े न है।"

"खाएगा तो आदमी ही!" हे इतक्या मोठ्याने, की समोरचा कचोरीवाला कढईत झारा धरून तसाच थांबला. शेतकरी बाटल्या तिथेच ठेवून यांच्या मागे आला. यांनी त्याला पहिला प्रश्न काय विचारला असेल, ते तुम्हीच ओळखा.

आता पंपाबद्दल सांगते. पाठीवर अडकवून फवारायचे पंप संस्थेत बरेच होते, सगळे सारखे, निळे. त्यांतला एक फक्त तणनाशकाचा. तो कोपऱ्यात वेगळा उभा असे आणि त्याच्या दांड्याला लाल चिंधी बांधलेली असे. कारण मक्यातलं रुंद पानांचं तण ज्या औषधाने मरतं, त्यानेच सोयाबीनही मरतं. त्या औषधाला बिचाऱ्याला दोन्ही सारखीच. पंप धुतला तरी नळीत, वायसरात थेंब राहतो. तो थेंब पुरतो. म्हणून तणाचा पंप किडीच्या औषधाला घ्यायचा नाही, कधीच नाही. फवारणी करणाऱ्यांतल्या काहींना वाचता येत नव्हतं, शिवाय कागदाची चिठ्ठी पाण्यात टिकत नाही. म्हणून चिंधी. ती उन्हाने विटली की ते आपल्या गमछ्याची नवी पट्टी फाडून बांधत, दुहेरी गाठ मारून. त्यामुळे त्यांचा गमछा कायम आखूड. निंदणाऱ्या बायका हसत, "बाबू क गमछा अगिला साल रूमाल हो जाई!"

"हो जाए," ते म्हणत. "फसल तो रहेगी।"

फवारणीचं काम मुख्यतः रामधनी करायचा. पन्नाशीचा, रोजंदारीवरचा, कमी बोलणारा माणूस. कधी कायम झाला नाही. भाऊंनी शिकवलं तसं तो तोंडाला कापड बांधून, वारा पाहून, सकाळीच फवारायचा.

गेल्या मे महिन्यात संस्थेत मोठे पाहुणे यायचे होते. संचालकांनी सगळीकडे चुना मारून घेतला. झाडांच्या बुंध्यांना गेरू लावला. पंपांच्या खोलीत ते स्वतः आले आणि म्हणाले, "ये चिथड़ा क्या लटका रखा है? गंदा लगता है।" शिपायाने चिंधी सोडली. सगळे पंप बाहेरून पुसले आणि पांढरी चादर घातलेल्या बाकावर एका ओळीत मांडले. मी त्या खोलीत होते, कारण शेजारच्या व्हरांड्यात पुस्तकांचं प्रदर्शन मांडायचं काम माझ्याकडे होतं. मी म्हटलं, "सर, ती चिंधी खूण आहे, काढू नका." ते हसले. "मैडम, आप किताबें सँभालिए।"

भाऊ तेव्हा सभागृहात होते. पाहुण्यांना चित्रं दाखवायचं काम त्यांच्या गळ्यात मारलं होतं. मी शिपायाला निरोप देऊन धाडलं. दारावरच्या माणसाने त्याला आत सोडलं नाही.

पाहुणे उठून बाहेर आले. भाऊ आत प्रश्नांची उत्तरं देत अडकलेले. कुणीतरी म्हणालं, फवारणी करताना एखादा फोटो हवा. समोर सोयाबीनचं शेत होतं. उन्हाळी सोयाबीन, भाऊंनी वर्षानुवर्षं निवड करत आणलेलं, इथल्या लूमध्ये, उन्हाळ्याच्या भाजऱ्या वाऱ्यात, तग धरणारं. शेतकऱ्याने आपलं बियाणं आपणच उन्हाळ्यात तयार करावं, बाजाराचं तोंड पाहू नये, हा त्यांचा ध्यास. शेंगा नुकत्या भरत होत्या. आदल्या दिवशीच सगळं शेत वाकून पाहून ते म्हणाले होते, औषधाची गरज नाही.

"निंबोळीचा अर्क मारा," संचालक म्हणाले, "त्याने काय होतं?"

रामधनी बाकापाशी गेला आणि थांबला. त्याचा आवाज मी स्पष्ट ऐकला. "साहेब, लाल वाला कवन हौ?"

"अरे, कोई भी उठा लो। सब धुला है।"

त्याने एक उचलला.

फोटो छान आले. संस्थेच्या दिनदर्शिकेवर त्यांतला एक आहे. हिरवं सोयाबीन, त्यात धुक्यासारखा फवारा, आणि मागे हसरे चेहरे.

तिसऱ्या दिवशी सकाळी स्कूटर लावून ते नेहमीसारखे शेतात गेले आणि बराच वेळ परत आले नाहीत. मी पाहायला गेले. ते वाकलेले होते. सोयाबीनचे शेंडे धुणं पिळावं तसे पिळले गेले होते. पानं वाटीसारखी आत वळलेली, देठ वाकडे. एखाद्याला वेदनेने मुरडत असताना तसंच थिजवावं, तसं दिसत होतं ते शेत. ते उठले. चष्मा पुसला नाही. तसेच पंपांच्या खोलीकडे गेले आणि मग व्हरांड्यातून सगळ्या संस्थेला ऐकू जाईल असे ओरडले,

"चिंधी कुठाय? चिंधी सोडायला कोणी सांगितलं?"

लोक बाहेर आले. काही जण हसले. मी ते हसणं विसरलेले नाही, आणि कोण कोण हसलं तेही नाही. वरिष्ठ अधिकारी चिंधीसाठी रडतोय म्हणून हसले. संचालक केबिनबाहेर येऊन मऊ आवाजात म्हणाले, "डॉक्टर साहब, एक चिथड़े के लिए इतना हंगामा?"

आठवड्यात ठरलं की चूक रामधनीची. पंप न पाहता उचलला. त्याला काढलं. रोजंदारीचा माणूस काढायला काही लागत नाही. गेटवर सांगून ठेवलं की झालं. मी चौकशीत जाऊन पाहिलं तसं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मला चहा दिला आणि म्हणाले, "मैडम, छिड़काव तकनीकी विषय है।" कोणी चिंधी सोडायला लावली, हे समजायला कोणतं तंत्र लागतं, हे मला आजही कळलेलं नाही.

मग त्या उन्हाळ्यातलं रोजचं विचारणं सुरू झालं. रोज सकाळी स्कूटर लावली की ते आधी संचालकांच्या केबिनपाशी जात. दार उघडून उंबऱ्यातच उभे राहत. "साहेब, चिंधी सोडायला कोणी सांगितलं?" संचालक फाईल उघडत. "मग रामधनीला परत घ्या." ते पान उलटत. हे दार लावून शेतात. लू वाहत होती, गंगेवरून येणारा वारासुद्धा भाजत होता. मी एकदा पुलावर म्हटलं, "भाऊ, रोज काय तेच? तब्येतीला बरं नाही."

"ताई, तण एकदा उपटून जाते का? रोज जावं लागते."

"ते सांगणार नाहीत."

"मला उत्तर नको आहे. ते मला माहीत आहे. त्यांच्या तोंडून आलं की रामधनीची नोकरी परत येते. बास, एवढंच."

पुढे संचालकांनी केबिनचं दार आतून लावून घ्यायला सुरुवात केली. हे दाराबाहेरून विचारत. शिपाई खाली मान घालून बसे. पावसाळा गेला, दिवाळी गेली, ते विचारत राहिले. रामधनी शहरात एका बांधकामावर विटा वाहायला लागला होता. भेटला की भाऊ त्याला म्हणत, "रुको, अभी पूछ ही रहा हूँ।" आणि रामधनी म्हणे, "छोड़ दीं बाबू।" यावर भाऊ चष्मा पुसत.

फेब्रुवारीत, एका सकाळी दाढी करताना ते गेले. डॉक्टर म्हणाले, हृदय. त्या उन्हाळ्याने त्यांना मारलं असं मी म्हणणार नाही, कारण वाकून न पाहता बोललेलं त्यांना चालत नसे. आमच्या घाटावरून मणिकर्णिकेचं स्मशान फार लांब नाही. गल्लीतूनच नेलं. भाजीवालीने टोपली उचलून वाट करून दिली आणि टोपली डोक्यावर घेऊन मागे मागे आली.

तेराव्यानंतर वहिनींनी मला त्यांचा गमछा दिला. नवा होता, एकच पट्टी फाडलेली. म्हणाल्या, "हा तुम्ही न्या. माझ्याच्यानं धुतला जात नाही आणि ठेवलाही जात नाही."

संस्थेने शोकसभा ठेवली. टेबलावर फोटो, हार. संचालक उभे राहिले. म्हणाले, दिवंगत अत्यंत शांत स्वभावाचे होते. मितभाषी. सगळ्यांना सोबत घेऊन चालणारे. इतक्या वर्षांत त्यांनी कुणाशी आवाज चढवल्याचं आपल्याला आठवत नाही.

मी आयुष्यभर पुस्तकांमध्ये हळू बोलून राहिलेली बाई. पण त्या वेळी मला जे वाटलं त्याला साधा शब्द संताप हाच आहे. माणूस नेला, ते देवाकडे. पण त्याचा राग? तो त्याने त्या उन्हात रोज नेऊन तुमच्या दारात ठेवला होता. तोही पुसून, धुऊन, पांढऱ्या चादरीवर मांडायचा?

मी उभी राहिले. "ते चिडायचे," मी म्हटलं. आवाज फार मोठा निघाला नाही. "रामधनीला काढल्यापासून रोज चिडायचे. तुमच्या दारात उभे राहून."

मागच्या रांगेत निंदणाऱ्या बायका बसल्या होत्या. त्यांच्यातली एक म्हणाली, "हाँ, ई त सही बात हौ।" संचालकांनी घसा साफ केला आणि दोन मिनिटं मौन पाळायला सांगितलं. मौन फार सोयीची गोष्ट आहे.

नंतर सगळे चहा-समोशांकडे गेले. माझ्या पिशवीत गमछा होता. मी त्याची एक अरुंद पट्टी फाडली आणि पंपांच्या खोलीत गेले, म्हटलं निदान एवढं तरी आपण करावं. पंप बाकावर एका ओळीत उभे होते; भाऊंनी नंतर पुन्हा बांधलेली चिंधी शोकसभेच्या साफसफाईत गेली होती. नव्या भांडारपालाला विचारलं, "यांतला तणाचा कुठला?"

"सब एक्के हैं मैडम।" तो अगदी आदराने म्हणाला.

मी वाकले. प्रत्येक पंप जवळून पाहिला, झाकणं उघडून वास घेतला. मला काही कळलं नाही. कळणार कसं? मी पुस्तकांतली बाई. ज्याने निदान थांबून विचारलं होतं तो विटा वाहत होता. सगळ्यांना बांधावी, तर ती खूण राहत नाही. पट्टी हातात घेऊन मी बाहेर आले. व्हरांडा रिकामा होता. संचालकांचं केबिन बंद होतं, दाराची पितळी मूठ घासूनपुसून चकचकीत. मी पट्टी त्या मुठीला बांधली. दुहेरी गाठ.

दुसऱ्या दिवशी ती नव्हती. मी नवी बांधली. तिसऱ्या दिवशी शिपाई हळूच म्हणाला, "मैडम, साहब पूछत हउवन, ई के बाँधत हौ?"

मी म्हटलं, "त्यांना सांग, मी बांधते. आणि विचार, आधीची सोडायला कोणी सांगितलं होतं. ते सांगितलं आणि रामधनी गेटातून आत आला, की बांधणार नाही."

आता पुन्हा मे आलाय. मका गुडघ्याएवढा झाला असेल, मी अजून वाकून पाहिलेला नाही. सकाळी मी रिक्षाने पूल ओलांडते, व्हरांड्यातून जाते, पट्टी बांधते आणि मग ग्रंथालय उघडते. रोज कुणीतरी ती सोडतं. काल वहिनींनी विचारलं, "संपत आला असेल ना तो गमछा?"

मी घडी उलगडून दाखवली. बोटाच्या पाठीने कड सरळ केली. अजून पुष्कळ आहे. आणि संपला, तर चौकात लाल गमछे टांगलेलेच असतात.